बाष्पक आणि बंदूक : दोन परवान्यांचा इतिहास

१/ हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात, हट्ट्याच्या परिसरात, फाल्गुन-चैत्रात हळद शिजते. पूर्वी ती मोठ्या काहिलीत उकळत्या पाण्यात शिजवीत. आता चाकांवरचे बॉयलर शेतात येतात आणि नळीवाटे वाफ हळदीच्या पिंपांत सोडली जाते. याच हट्ट्यात पोलीस ठाणे आहे. परिसरात कोणी बंदुकीचा परवाना मागितला, तर त्याची चौकशी ठाण्याकडे येते. वाफेचे भांडे आणि बंदूक, दोन्ही लोखंडाची, दोन्ही कोंडलेल्या दाबावर चालणारी. दोहोंसाठी कायदा आहे, परवाने आहेत, दप्तरे आहेत. तरीही या दोन वस्तूंकडे पाहण्याची राज्यसंस्थेची दृष्टी इतकी भिन्न का, याचा मागोवा घेणारा हा धागा.

२/ मुळात या दोन्ही वस्तू एकाच घराण्यातल्या. जेम्स वॉटच्या इंजिनाची मोठी अडचण कारागिरीची होती. सिलिंडर आतून अचूक गोल होत नसे आणि दट्ट्याच्या कडेने वाफ निसटून जाई. १७७४ मध्ये जॉन विल्किन्सन या इंग्रज लोखंड-कारखानदाराने तोफेची नळी आतून अचूक कोरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याच कौशल्यातून सिलिंडर कोरण्याचे यंत्र तयार झाले आणि १७७६ च्या सुमारास वॉटची इंजिने प्रत्यक्ष कामाला लागली. तोफ कोरण्याची विद्या नसती, तर वाफेचे युग तेव्हा अवतरलेच नसते.

३/ आपल्या परंपरेला हे नाते वेगळ्या मार्गाने ठाऊक होते. खंडेनवमीला घरातली तलवार, शेतातला नांगर, सुताराचा वाकस आणि लोहाराचा घण यांची पूजा एकाच दिवशी होते. शस्त्र आणि अवजार यांच्यामध्ये रेघ ओढलेली नाही. ‘हत्यार’ हा शब्दही मराठीत दोन्ही अर्थांनी चालतो : शिपायाचेही हत्यार आणि गवंड्याचेही हत्यार. ही रेघ एकोणिसाव्या शतकात कायद्याने ओढली. ती कुठे ओढली आणि कोणासाठी ओढली, यातच पुढची सारी कथा आहे.

४/ १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, आणि ओढायला साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने. गाडी सुटताना २१ तोफांची सलामी झडली. वाफ आणि बारूद यांनी एकाच क्षणी दिलेली ही द्वाही होती. त्यानंतरच्या पाव शतकात मात्र दोघांच्या वाटा फुटल्या. इंजिन गावोगाव पोहोचवण्याची मोहीम निघाली आणि बंदूक गावोगावच्या घरांतून काढून घेण्याची.

५/ तेव्हा हट्ट्याचा मुलूख इंग्रजी अंमलाखाली नव्हता, तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. (हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी.) या भागातील माणसे शस्त्राला अपरिचित नव्हती. १८१९ मध्ये नोवसाजी नाईक या हटकर सरदाराच्या बंडाविरुद्ध निजामाची फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली लढली. त्याच काळात हिंगोलीस छावणी पडली. हैदराबाद कंटिन्जंटची ही छावणी १९०३ पर्यंत टिकली. म्हणजे संस्थान निजामाचे, खर्च निजामाचा, आणि कवायती बंदुकांवर हुकूम इंग्रजांचा.

६/ ब्रिटिश हिंदुस्थानात निःशस्त्रीकरणाची सुरुवात १८५७ च्या उठावाने झाली. त्याच वर्षी शस्त्रांवर निर्बंध घालणारा तात्पुरता कायदा झाला, १८६० मध्ये दुसरा झाला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. लोकांच्या तोंडी तो ‘हत्यारांचा कायदा’. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले, आणि परवाना द्यायचा की नाही हे सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही याच लिटनचा आणि त्याच वर्षाचा. लेखणी आणि बंदूक यांना सरकारने एकाच वर्षी कुलूप लावले.

७/ या कायद्याचा खरा डंख त्याच्या सवलतींत होता. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना परवान्याच्या अटीतून सूट मिळाली. देशी लोकांपैकी काही मोजक्या, राजनिष्ठ मानलेल्या गटांना ती मिळाली. कोडगू प्रांतातील लोकांना दिलेली सूट तर आजही चालू आहे. म्हणजे बंदूक धोकादायक आहे, असे हा कायदा म्हणत नव्हता. विशिष्ट माणसाच्या हातातली बंदूक धोकादायक आहे, असे तो म्हणत होता.

८/ त्याच वेळी खुद्द इंग्लंडमध्ये काय स्थिती होती? १८७० च्या कायद्याने तेथे बंदूक बाळगण्यासाठी १० शिलिंगांचा वार्षिक परवाना लागे. तो टपाल कचेरीत पैसे भरून मिळत असे. त्याचा हेतू महसुलाचा होता, तिकिटासारखा. अर्जदार कोण, त्याचे विचार काय, त्याला बंदूक कशाला हवी, हे कोणी विचारीत नसे. एकच राणी, एकच संसद, आठ वर्षांचे अंतर. लंडनच्या कारकुनाला टपाल कचेरीत मिळणारी गोष्ट पुण्याच्या कारकुनाला साहेबाच्या कृपेवाचून दुर्लभ होती.

९/ आता वाफेकडे वळू. १८६३ मध्ये कलकत्त्यात बाष्पकाचा भीषण स्फोट होऊन अनेक जीव गेले. ‘बाष्पक’ हा बॉयलरचा शासकीय मराठी प्रतिशब्द. या दुर्घटनेनंतर १८६४ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने बाष्पकांच्या तपासणीचा कायदा केला. पुढे इतर प्रांतांनीही आपापले नियम केले. दर प्रांताचे मोजमाप वेगळे असल्याने गोंधळ वाढला. अखेर १९२० मध्ये समिती नेमली गेली, १९२३ मध्ये भारतीय बाष्पक कायदा झाला आणि १ जानेवारी १९२४ पासून तो अमलात आला.

१०/ या कायद्याची रीत पाहण्यासारखी आहे. बाष्पकाची नोंदणी होते, त्याला क्रमांक मिळतो. निरीक्षक येऊन पत्र्याची जाडी, रिव्हेट, सांधे, सुरक्षा झडप आणि दाबमापक तपासतो. नेहमीच्या दाबाहून अधिक दाबाने पाणी भरून लोखंडाची परीक्षा होते. सारे नीट असेल तर ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळते आणि कमाल दाबाचा आकडा त्यावर लिहिला जातो. बाष्पक चालवणारा परिचरही परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतो. मालक कोणत्या जातीचा, धर्माचा, पक्षाचा, हा प्रश्नच उद्भवत नाही.

११/ दोन्ही कायदे शेजारी ठेवले की फरक उघड होतो. बाष्पकाचा निरीक्षक विचारतो : लोखंड किती मजबूत आहे? १८७८ चा शस्त्र अधिकारी विचारतो : माणूस किती विश्वासू आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोजता येते, दुसऱ्याचे येत नाही. पहिल्यात नकार मिळाला तर सांधा दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. दुसऱ्यात नेमके काय दुरुस्त करायचे, हेच अर्जदाराला कळत नसे. एका कायद्यामागे अपघाताची भीती होती, दुसऱ्यामागे प्रजेची.

१२/ अर्थात, वाफेचे जग वर्णभेदापासून मुक्त होते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. महत्त्वाच्या गाड्यांवर चालकाची जागा दीर्घकाळ युरोपीय व अँग्लो-इंडियन माणसांची असे. कोळसा लोटणारा फायरमन बहुधा देशी. आणि येथे दोन्ही कथा एकमेकींत मिसळतात. जी. आय. पी. सारख्या रेल्वे कंपन्यांतील गोऱ्या व अँग्लो-इंडियन नोकरांची स्वयंसेवक रायफल पथके उभारलेली होती. इंजिनाचा दांडा आणि रायफल एकाच हातात, आणि तो हात कोणाचा असावा हे वर्णावरून ठरलेले.

१३/ मराठी माणसाने या व्यवस्थेला दिलेले पहिले मोठे आव्हान याच काळातले. वासुदेव बळवंत फडके यांनी काही काळ जी. आय. पी. रेल्वेत नोकरी केली होती, पुढे ते पुण्यात लष्करी हिशेब खात्यात होते. १८७९ मध्ये त्यांनी रामोशी साथीदारांसह बंड उभारले. हत्यारांचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. पैसा आणि शस्त्रे ही त्यांची सततची विवंचना. म्हणून त्यांनी निजामाच्या मुलखातील रोहिल्यांकडे मदत मागितली. जुलै १८७९ मध्ये मेजर डॅनियल आणि निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना पकडले.

१४/ सनदशीर राजकारणातही हा कायदा सलत राहिला. लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये वृत्तपत्रांवरील निर्बंध उठवले, हत्यारांचा कायदा मात्र तसाच ठेवला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजीसुद्धा या कायद्याची गणना इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत करतात. प्रत्येकाने बंदूक बाळगावी, असा त्यांचा आग्रह नव्हता. एका अख्ख्या समाजाला अविश्वसनीय ठरवण्याचा अपमान त्यांना बोचत होता. १९२० च्या नियमांनी वर्णावर आधारलेल्या सवलती बव्हंशी काढल्या, अधिकाऱ्याची मर्जी मात्र कायम राहिली.

१५/ हैदराबाद संस्थानात चित्र निराळे होते. पैनगंगेच्या उत्तरेला वऱ्हाडात इंग्रजी कारभार, दक्षिणेला निजामी. इकडे जहागीरदार, मोठे देशमुख, अरब आणि रोहिले यांच्याकडे शस्त्रे असत. अरब व रोहिले पहारेकरी म्हणून राहत, सावकारीही करीत. सामान्य कुणब्याच्या घरी फार तर कुऱ्हाड, भाला आणि गोफण. कायद्याचे शब्द इंग्रजांहून वेगळे असले, तरी परिणाम ओळखीचाच होता : सत्तेच्या जवळ असलेल्याला बंदूक, दूर असलेल्याला तिचा धाक.

१६/ या मुलखात वाफ आली ती गोदावरी खोऱ्याच्या मीटरगेज मार्गाने. सिकंदराबाद ते मनमाड हा मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. नंतर पूर्णा जंक्शनहून वसमतमार्गे हिंगोलीपर्यंत फाटा गेला. कापसाच्या बाजारांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, त्यांच्या बाष्पकांची धुराडी दिसू लागली आणि भोंग्यावर दिवसाची वेळ ठरू लागली. १९३० मध्ये निजाम सरकारने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. तिकीट काढणाऱ्या कोणालाही इंजिनामागच्या डब्यात बसता येत होते. यंत्राच्या शक्तीत प्रजेला मिळालेला हा पहिला वाटा.

१७/ बंदुकीच्या शक्तीत वाटा न मिळाल्याची किंमत १९४७-४८ मध्ये मोजावी लागली. कासीम रझवीच्या रझाकार संघटनेला संस्थानी सत्तेचा आश्रय होता. शस्त्रे त्यांच्या हाती होती आणि गावे बव्हंशी निःशस्त्र होती. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ मध्ये कराचीहून विमानांनी हैदराबादेत शस्त्रे उतरवीत होता. मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे सरहद्द ओलांडून वऱ्हाडात आणि नगर-सोलापूरकडे गेली. स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर छावण्या उभारल्या, आणि तेथील तरुणांपुढचा पहिला प्रश्न शस्त्रे कोठून आणायची हाच होता.

१८/ ३० जानेवारी १९४८ रोजी क्रांतिकारकांनी उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेवर छापा घातला. उमरी हे नांदेड भागातील, त्याच गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेमार्गावरचे गाव. लाखो रुपये चळवळीच्या हाती आले. त्याच सायंकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, तीही बंदुकीच्या गोळीने. एकाच दिवशी बंदुकीची दोन रूपे दिसली. पुढे १३ ते १७ सप्टेंबरच्या लष्करी कारवाईने निजामी राजवट संपली. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

१९/ विलीनीकरणानंतर केंद्रीय कायदे हैदराबादला लागू होत गेले आणि शस्त्र व बाष्पक हे दोन्ही कायदे मराठवाड्यात आले. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यातील काही तरतुदी १८७८ च्या वृत्तीशी फारकत घेणाऱ्या आहेत. परवाना नाकारताना अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवली पाहिजेत. काही अपवाद वगळता अर्जदाराने मागितल्यास ती त्याला कळवली पाहिजेत. नकाराविरुद्ध अपील करता येते. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूदही त्यात आहे.

२०/ ही पीकरक्षणाची तरतूद हिंगोली-वसमतसारख्या मुलखात पुस्तकी राहत नाही. रानडुकरे आणि रोही रातोरात उभे पीक लोळवतात. मात्र परवाना मिळाला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली, असे होत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा, त्याची परवानगी वेगळी. निवडणूक आली की परवानाधारकांच्या शस्त्रांचा आढावा घेऊन ती ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. एका व्यक्तीकडे किती बंदुका असाव्यात याची मर्यादा पूर्वी तीन होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती दोन झाली.

२१/ येथे एक आक्षेप रास्त आहे : बंदुकीवर कडक निर्बंध असणे वाईट कसे? ब्रिटनचा पुढचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९०३ मध्ये तेथे पिस्तुलांवर पहिले खरे निर्बंध आले. १९२० च्या कायद्याने परवाना पोलिसप्रमुखाच्या हाती दिला. पहिल्या महायुद्धानंतर कामगारांच्या क्रांतीची धास्ती हे त्यामागचे एक मोठे कारण होते. म्हणजे वसाहतीत वापरलेली भीतीची मात्रा शेवटी मायदेशीही वापरली गेली. परंतु १९८७ चे हंगरफर्ड आणि १९९६ चे डनब्लेन येथील हत्याकांड घडल्यावर आलेल्या बंदीमागे निरपराधांच्या, डनब्लेनमध्ये तर शाळकरी मुलांच्या, जिवाची चिंता होती.

२२/ त्याच ब्रिटनमध्ये वाफेच्या जुन्या यंत्रांचे वेड मात्र फोफावले. १९५१ मध्ये वेल्समधील टॅलिलिन ही छोटी रेल्वे स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. तेव्हापासून शेतीची, रस्त्याची, रुळांवरची शेकडो वाफेची इंजिने हौशी मंडळींनी गंजातून उठवली. त्यांच्या बाष्पकांची तपासणी आजही चुकत नाही. एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या अंगणात प्रचंड दाबाचे यंत्र उभे असते आणि शेजाऱ्यांना त्याची भीती वाटत नाही, कारण तपासणी खरी असते आणि नियम सर्वांना सारखा असतो. निव्वळ शोभेच्या वा संग्रहाच्या पुरातन बंदुकांना तेथील कायदा सूट देतो. निरुपयोगी झालेल्या पुरातन शस्त्रांसाठी भारतीय कायद्यातही तशी तरतूद आहे.

२३/ आपल्याकडे वाफ इतिहासजमा झालेली नाही. भारतीय रेल्वेचे शेवटचे ब्रॉडगेज वाफेचे इंजिन ‘अंतिम सितारा’ १९७० मध्ये चित्तरंजन येथे बांधले गेले. पूर्णा-हिंगोली मार्गावरची मीटरगेजही गेली. पण वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्यासारख्या ठिकाणी हंगाम सुरू होतो तो बॉयलर अग्निप्रदीपनाने. २०२५ मध्ये संसदेने १९२३ च्या कायद्याच्या जागी नवा बाष्पक कायदा केला. लहान भांडी आणि अत्यल्प दाब त्याच्या कक्षेबाहेर राहतात, मोठ्या दाबाला तपासणी अटळ आहे. धोका जितका, तितकाच नियम.

२४/ म्हणूनच ‘बंदूक हवी की नको’ एवढ्यापुरता हा इतिहास नाही. नियंत्रण दोन प्रकारचे असते. एक वस्तूतला धोका मोजते, दुसरे माणसाची लायकी जोखते. बंदुकीच्या बाबतीत माणसाची चौकशी टाळता येणार नाही, कारण बाष्पक स्वतःहून कोणावर नेम धरीत नाही. पण ती चौकशी गुन्ह्याची नोंद, मानसिक स्वास्थ्य, सुरक्षित साठवण अशा पडताळता येणाऱ्या गोष्टींची असेल, तर ती तपासणी ठरते. वजन, ओळख आणि जवळीक यांची असेल, तर ती १८७८ चीच मर्जी ठरते.

२५/ १८७८ आणि १९५९ या दोन कायद्यांमधले सर्वांत मोठे अंतर एका साध्या अटीत सामावले आहे : नकाराचे कारण लिहावे लागेल. लिहिलेल्या कारणाला उत्तर देता येते, अपिलात जाता येते, चूक असल्यास ती दुरुस्त करवून घेता येते. मनातल्या संशयाला यांतले काहीच लागू होत नाही. प्रजा आणि नागरिक यांच्यामधली सीमारेषा शोधायची असेल, तर जुन्या-नव्या परवान्यांच्या दप्तरांत तोच रकाना पाहावा. एका राजवटीत तो कोरा ठेवता येत असे, दुसरीत तो भरावाच लागतो. तो प्रामाणिकपणे भरला जातो की नाही, यावर लक्ष ठेवणे मात्र नागरिकांचेच काम आहे.

(धागा समाप्त)